घरचे, दारचे आणि उतारवयातला मेंदू



स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. त्यावर बोलायचं तर मेंदूविकारतज्ज्ञानं बोलावं, फार तर मानसोपचारतज्ज्ञानं. आयुष्यभर समाजशास्त्र शिकवलेल्या माणसाला आयोजकांनी या विषयावर का उभं केलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना तो पडला नसता. रोग शरीरात असला तरी रोगी समाजात असतो, हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ते त्यांच्याकडून वदवून घेत.

आज मी ज्या संशोधनाबद्दल बोलणार आहे ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं आहे. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मोटारींच्या भागांचे कारखाने असा हा मुलूख. त्यातल्या ब्लूमिंग्टन गावात इंडियाना विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे आणि तिथे ब्रिया पेरी प्राध्यापक आहेत. त्याच विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापक बर्निस पेस्कोसोलिडो यांनी १९९०च्या सुमारास एक विचार मांडला होता. माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जायचं की नाही, कुणाकडे जायचं, औषध घ्यायचं की थांबायचं, हे तो एकटा बसून ठरवत नाही. त्याच्याभोवतीची माणसं ते ठरवत जातात, कधी बोलून आणि कधी न बोलता. आपल्याकडे हे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही. पण पेरी यांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. आजार झाल्यावर भोवतीची माणसं महत्त्वाची हे ठीकच, पण आजार होण्याआधी, वीस-तीस वर्षं, त्या माणसांची रचना कशी होती याचा मेंदूवर काही परिणाम होतो का?

रचना हा शब्द जरा जपून ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

इंडियानापोलिस शहरातल्या अल्झायमर संशोधन केंद्रात उतारवयाची माणसं नियमित तपासणीला येतात. कुणाचं सगळं शाबूत असतं, कुणाला किंचित विसरायला होऊ लागलेलं असतं, कुणाचं निदान झालेलं असतं. त्यांच्या स्मरणशक्तीच्या, भाषेच्या, लक्षाच्या चाचण्या होतात, मेंदूच्या प्रतिमा काढल्या जातात. पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तपासणीला समोरासमोरच्या मुलाखतीची जोड दिली. मुलाखतीतला पहिला प्रश्न समाजशास्त्रात जुनाच आहे, अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत तो १९८५पासून विचारला जातो : गेल्या सहा महिन्यांत तुमच्या दृष्टीनं महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? मग, तब्येतीविषयी कुणाशी बोललात? नावं लिहून घ्यायची. मग प्रत्येक नावाबद्दल : नातं काय, किती वेळा भेट होते, जवळीक किती, हा माणूस कटकट करतो का. आणि शेवटी खरा प्रश्न येतो. यातल्या कुणाची कुणाशी ओळख आहे?

हे गणित तुम्ही इथे बसल्या बसल्या करू शकता. पाच नावं घ्या. पाच जणांच्या दहा जोड्या होतात. त्यांतल्या किती जोड्या एकमेकांना ओळखतात ते मोजा. समजा, एका आजोबांनी बायको, मुलगा, सून, मुलगी आणि धाकटा भाऊ अशी नावं सांगितली. दहापैकी दहा जोड्या एकमेकांना ओळखतात. आता दुसरे आजोबा. त्यांच्या यादीत बायको आहे, जुन्या कारखान्यातला एक सहकारी आहे, भजनी मंडळातला पेटीवाला आहे, औषधांच्या दुकानातला मुलगा आहे आणि वाचनालयात भेटणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. इथे दहापैकी एखादीच जोडी जुळेल. पहिल्या जाळ्याला अभ्यासक दाट म्हणतात, दुसऱ्याला विरळ. माणसं दोन्हीकडे पाचच. एकाकी दोघांपैकी कुणीच नाही. पहिल्या आजोबांना तर शेजारीपाजारी नशीबवान म्हणतील.

पेरी यांच्या अभ्यासात चाचण्यांत सरस ठरणाऱ्यांची जाळी दुसऱ्या आजोबांच्या जाळ्याशी मिळतीजुळती निघाली : मोठी, विरळ, तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची, आणि ज्यांच्याशी फार जवळीक नाही अशांनाही जागा असलेली.

आपल्याला हे ऐकायला बरं वाटत नाही. 'पूर्वी एकत्र कुटुंब होतं, म्हणून म्हाताऱ्यांची डोकी शाबूत होती' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेलं आणि बोललेलं असतं की ते कुणी तपासलं का, असं विचारायचंही सुचत नाही. घर माणसांनी भरलेलं असणं आणि माणूस माणसांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकीचं व्याख्यान म्हणजे त्याची कारणं, आणि त्यातल्या शंका.

आधी कारण. समाजशास्त्रात दूरच्या ओळखींचं महत्त्व ठसवणारा लेख १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी लिहिला. त्या लेखाचा आधीचा मसुदा एका नामांकित नियतकालिकानं १९६९ साली नाकारला होता. पुढे तो लेख समाजशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक ठरला. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या पुरुषांना ग्रॅनोव्हेटर यांनी विचारलं, की ही नोकरी कुणामुळे कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची ती ओळख वारंवार भेटणाऱ्या माणसाची होती. बाकीच्यांना खबर देणारा माणूस अधूनमधून, नाहीतर क्वचितच भेटणारा होता. कारण सरळ आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी बाहेरचा माणूस आणतो.

नोकरीचं हे तत्त्व मेंदूला कसं लागू पडेल? घरात आपण कसे बोलतो ते आठवून बघा. 'अहो, ते आणलंत का?' 'हो, त्याच्याकडे नव्हतं, उद्या देतो म्हणाला.' ते म्हणजे काय आणि तो म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक असतं. चाळीस वर्षांच्या संसारात निम्मी वाक्यं बोलावीच लागत नाहीत. ती सोय आहे आणि तिच्यात माया आहे, हेही खरं. पण मेंदूला त्यात काम फार थोडं. पोस्टात खातं चालू करायला आलेल्या तरुण मुलीशी बोलताना मात्र वाक्य पूर्ण करावं लागतं. तिला काय माहीत आहे, काय नाही, याचा अंदाज घ्यावा लागतो. तिचा चेहरा वाचावा लागतो. विषय कुठे वळेल हे ठरलेलं नसतं. विनोद जुना चालत नाही. वाचनालयातल्या बाईंशी कालच्या अग्रलेखावर वाद घालायचा तर अग्रलेख आठवावा लागतो. लक्ष देणं, नावं धरून ठेवणं, दुसऱ्याच्या मनातलं ताडणं, स्वतःला आवरणं, ही सगळी कामं अनोळखी आणि अर्धओळखीच्या माणसासमोर करावी लागतात. नेमक्या याच क्षमता स्मृतिभ्रंशात हळूहळू उतरणीला लागतात. मेंदूला असं काम वर्षानुवर्षं मिळत राहिलं तर त्याच्याकडे काही राखीव बळ साठतं, अशी अभ्यासकांची मांडणी आहे.

राखीव बळ ही हवेतली कल्पना आहे असं वाटू शकेल, पण तसं नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या एका दीर्घ अभ्यासात वृद्ध माणसं दरवर्षी चाचण्या देतात आणि मृत्यूनंतर मेंदू दान करण्याचं कबूल करतात. डेव्हिड बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्यातल्या ८९ जणांचे मेंदू तपासले. हयातीत यांपैकी कुणालाही स्मृतिभ्रंश असल्याचं ठाऊक नव्हतं. अल्झायमरच्या खुणा मात्र अनेकांच्या मेंदूत होत्या, कुणाच्या कमी, कुणाच्या पुष्कळ. ज्यांचं जाळं लहान होतं, त्यांच्यात खुणा जितक्या जास्त तितके हयातीतल्या चाचण्यांतले गुण कमी, असा सरळ हिशेब लागला. ज्यांचं जाळं मोठं होतं त्यांच्यात तो हिशेब ढिला पडला. मेंदूत रोग होता, तरी वागण्याबोलण्यात तो त्या मानानं कमी उतरला होता. रोग टळला असं कुणी म्हटलेलं नाही. रोग असूनही माणूस निभावून नेत होता, एवढंच. पण ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याला 'एवढंच' म्हणजे किती ते विचारा.

सामाजिक संबंध आणि आरोग्य यांचा धागा याहून जुना आहे. समाजशास्त्रज्ञ डर्कहाइम यांच्या १८९७च्या आत्महत्येवरच्या ग्रंथापासून तो काढता येतो, पण तो इतिहास मी इथे सांगत बसत नाही. दोन अभ्यास मात्र सांगतो. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात ६,९२८ प्रौढांची १९६५ साली पाहणी झाली आणि पुढची नऊ वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली गेली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ साली निष्कर्ष मांडले. ज्यांचे संबंध सर्वांत तुटपुंजे होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, भरपूर संबंध असणाऱ्यांच्या तुलनेत, पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट होतं. दुसरा अभ्यास स्टॉकहोमच्या कुंग्सहोल्मेन भागातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. पंचाहत्तरीपुढच्या १,२०३ जणांना सरासरी तीन वर्षं पाहिलं, तेव्हा ज्यांचं जाळं तोकडं होतं त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका ६० टक्क्यांनी जास्त आढळला. यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. भेटीगाठी क्वचित होत असल्या तरी त्या समाधानाच्या असतील, तर धोका वाढलेला दिसला नाही. मुलगा रोज फोन करतो पण फोनवर फक्त 'औषध घेतलं का' एवढंच विचारतो, अशा घरांनी हे ऐकून ठेवावं.

आता शंका. त्या मी गुंडाळून टाकणार नाही, कारण वर्तमानपत्रांतून हे संशोधन 'मित्र जोडा, अल्झायमर टाळा' अशा मथळ्याखाली येतं आणि तो मथळा खोटा आहे.

पहिली शंका उलट्या कार्यकारणाची. ओळखी कमी झाल्या म्हणून स्मृती गेली, की स्मृती जाऊ लागली म्हणून ओळखी कमी झाल्या? नाव आठवत नाही, बोलताना शब्द सापडत नाही, पत्ते खेळताना हुकूम कुठला ते विसरायला होतं, मग माणूस लाजून जायचंच बंद करतो. रोगाचं निदान होण्याआधी कितीतरी वर्षं हे सुरू होतं. लंडनमधल्या सरकारी नोकरांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात, निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासून लोकांची हालचाल कमी होऊ लागलेली दिसली होती. ओळखींचंही तसंच होत असणार. शिवाय पेरी यांच्या मुलाखतीसारख्या मुलाखतीत आणखी एक फट आहे. नावं विसरणाऱ्या माणसाला तुम्ही नावं विचारता आहात! त्यानं तीनच सांगितली तर त्याला तीनच माणसं आहेत, की तीनच आठवली? निरोगी माणसांच्या बाबतीतही हा प्रश्न उभा राहिला होता. अमेरिकनांच्या जिवलगांची सरासरी १९८५ ते २००४ या काळात २.९४वरून २.०८वर घसरली, असा एक लेख २००६ साली खूप गाजला. पुढे क्लॉड फिशर यांनी दाखवून दिलं की ही घसरण बरीचशी प्रश्नावलीच्या रचनेतून आलेली असू शकते. नाव सांगितलं की त्या नावावर दहा प्रश्न येतात, हे एकदा कळल्यावर मुलाखत देणारा आणि घेणारा दोघंही आवरतं घेतात. आमच्या शास्त्राची ही जुनी डोकेदुखी आहे.

या शंकेवर उत्तर एकच, माणसांना लवकर गाठायचं आणि दीर्घकाळ पाहायचं. लंडनच्या त्याच अभ्यासात १९८५पासून सुमारे दहा हजार सरकारी नोकरांची वेळोवेळी पाहणी होत आली आहे. अँड्र्यू सोमरलॅड आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली त्यातून असं दाखवलं, की वयाच्या साठाव्या वर्षी जे मित्रांना जवळजवळ रोज भेटत होते, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता, काही महिन्यांतून एकदा एखाद-दुसऱ्या मित्राला भेटणाऱ्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होती. नातेवाइकांच्या भेटीगाठींचा मात्र असा संबंध दिसला नाही. बारा टक्के हा आकडा फार मोठा नाही, आणि तो फुगवून सांगू नये. पण मित्र आणि नातेवाईक यांच्यातला हा फरक इंडियानातल्या निष्कर्षांशी जुळतो, आणि माझ्या मते तोच दखल घेण्याजोगा आहे.

यापेक्षा भक्कम पुरावा प्रयोगाचा. अमेरिकेत पोर्टलंड आणि डेट्रॉइट या शहरांत हिरोको डॉज यांच्या गटानं ७५ वर्षांपुढच्या, एकट्या पडलेल्या १८६ जणांवर एक चाचणी केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. दोन्ही गटांना आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा विचारपूस करणारा फोन. त्यांपैकी एका गटाला याशिवाय आठवड्यातून चार वेळा अर्धा अर्धा तास व्हिडिओवरून गप्पा. सहा महिन्यांनंतर गप्पा मारणाऱ्या गटाचे गुण थोडे वर सरकलेले दिसले. फार नाही. पण गप्पा कुणाशी होत्या ते पाहा. मुला-नातवंडांशी नव्हे, त्यासाठी प्रशिक्षण दिलेल्या परक्या माणसांशी.

दुसरी शंका वेगळ्या जातीची आहे. विरळ जाळ्याचं एवढं कौतुक करताना दाट जाळ्याला कमी लेखायचं का? मुळीच नाही, आणि पेरी यांचंही तसं म्हणणं नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर पेटीवाला धावत येणार नाही. आजार जडल्यावर अंघोळ घालणारी, औषधं वेळेवर देणारी, रस्ता चुकल्यावर शोधायला जाणारी माणसं दाट जाळ्यातलीच असतात. दाट जाळं सांभाळतं, विरळ जाळं जागं ठेवतं. कुठल्या वेळी कशाची गरज जास्त, हा प्रश्न आहे. मात्र दाट घरात एक धोका असतो. नवरा शब्दासाठी अडखळला की बायको तो शब्द पुरवते. पैसे चुकले की मुलगा निमूट हिशेब लावतो. सगळ्यांनी मिळून प्रेमानं झाकलेली विस्मृती दोन-तीन वर्षं कुणाच्या नजरेला पडत नाही. बाहेरचा माणूस मात्र सहा महिन्यांनी भेटतो आणि विचारतो, 'काकांचं काही बिनसलंय का?' आणि घरचे त्याच्यावर रागावतात.

भारतात काय स्थिती आहे? वृद्धांच्या राष्ट्रीय पाहणीला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात ४,०९६ जणांची तपासणी झाली. २०२३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते जास्त आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. शिक्षण जितकं कमी तितकं जास्त. जिथे कुटुंबं मोठी, गाव एकमेकांना ओळखणारं, तिथे हा आजार कमी असेल, अशी जी आपली समजूत, तिला हे आकडे दुजोरा देत नाहीत. अर्थात यावरून कुटुंबानं स्मृतिभ्रंश होतो, असा उफराटा निष्कर्ष कुणी काढू नये. शिक्षणाचा अभाव, न तपासलेला रक्तदाब, उशिरा होणारं निदान, अशी बरीच कारणं त्यात मिसळलेली आहेत. आणि इंडियानातल्या जाळ्यांवरून साताऱ्यातल्या जाळ्यांबद्दल बोलायचं तर साताऱ्यातली जाळी आधी मोजायला हवीत.

पण स्त्रियांच्या बाबतीत काही गोष्टी मोजण्याआधीही दिसतात. सत्तरीच्या आजींचं आयुष्य बघा. माहेरच्या ओळखी लग्नानं तुटल्या. सासरच्या ओळखी नवऱ्याच्या मार्फत झाल्या. नवरा गेला की त्यातल्या निम्म्या आपोआप गळल्या. चौकातला कट्टा, पारावरची बैठक, सकाळी बागेतल्या बाकावरचा राजकारणाचा अड्डा, यांत बाई किती दिसतात? पुरुषाला निवृत्तीनंतर ओळखी टिकवायच्या असतात, अनेक बायकांना त्या साठीनंतर पहिल्यांदा कमवायच्या असतात. म्हणून भिशी, भजनी मंडळ आणि बचत गट यांच्याकडे मी फार आदरानं बघतो. वाणसामानाच्या यादीतून मान वर काढून दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या घरच्या, कधी दुसऱ्या जातीच्या बाईशी स्वतःच्या नावानं बोलायची ती जागा आहे. त्यातल्या कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बायकांच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायची कुणाची छाती आहे?

जातीचा उल्लेख मी मुद्दाम केला. इंडियानातली दाट-विरळची मोजणी एवढंच पाहते, की यादीतली माणसं एकमेकांना ओळखतात का. आपल्याकडे दोन माणसं एकमेकांना ओळखत नसली तरी एकाच जातीची, एकाच पगाराची, एकाच वर्तमानपत्राची असू शकतात. मग ते जाळं कागदावर विरळ आणि प्रत्यक्षात एकसुरी. आपले पुष्कळ ज्येष्ठ नागरिक संघ या दुखण्यानं आजारी आहेत. वाढदिवस साजरे होतात, सहली निघतात, चांगलंच आहे. पण शेजारच्या वस्तीतले निवृत्त सफाई कामगार त्या संघाचे सभासद असतात का, हे विचारलं की सचिव घड्याळाकडे बघतात.

आणखी एक वर्ग आपल्या ओळखीचा आहे. मुलगा अमेरिकेत, आई-वडील सहा महिने इथे, सहा महिने तिथे. तिथे घर मोठं, नातवंडं जवळ, गाडीशिवाय मात्र बाहेर पडता येत नाही. इथे दूधवाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, देवळातले गुरव, रिक्षावाला अशी पंधरा-वीस माणसं दिवसभरात त्यांच्याशी दोन दोन वाक्यं बोलत असतात. तिथे तीच माणसं शून्यावर येतात आणि घरची चार उरतात. मुलं म्हणतात, 'आई, तुला इथे काय कमी आहे?' आईला सांगता येत नाही. तिचं जाळं एका विमानप्रवासात विरळाचं दाट झालेलं असतं.

तेव्हा करायचं काय? वृद्धांना 'बाहेर पडा, लोकांत मिसळा' असा उपदेश करणं सोपं आहे, आणि मला तो उपदेश खटकतो. बाहेर पडायला पदपथ लागतो. शिकागोत जुलै १९९५मध्ये उष्णतेची लाट आली आणि आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं पुष्कळ होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं दोन लागून असलेल्या वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरीब आणि एकट्या वृद्धांचं प्रमाण साधारण सारखंच. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण लाखामागे ४०, तर साउथ लॉनडेलमध्ये ४ होतं. साउथ लॉनडेलमध्ये दुकानं उघडी होती, रस्त्यांवर वर्दळ होती, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला कारण आणि हिंमत दोन्ही होतं. नॉर्थ लॉनडेलमध्ये कारखाने आणि दुकानं बंद पडून रस्ते ओस पडले होते, आणि माणसं भीतीनं दारं-खिडक्या लावून आत बसली होती. लोकांचे स्वभाव वेगळे नव्हते, रस्ते वेगळे होते.

इंग्लंडमध्ये २००६ साली साठीपुढच्यांना स्थानिक बसप्रवास मोफत झाला. पुढे अभ्यासकांनी दीर्घकालीन पाहणीतून तपासलं, तेव्हा पासामुळे बस वापरू लागलेल्यांचे स्मरणशक्तीच्या चाचण्यांतले गुण सरस आढळले. पास वयानुसार मिळतो, मनमिळाऊ स्वभावावर मिळत नाही. म्हणून उलट्या कार्यकारणाची जी शंका मघाशी काढली, ती इथे बरीच कमी होते. आपल्याकडे २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३पासून सर्व स्त्रियांना निम्म्या तिकिटात. या सवलतींवर मतांसाठीची खैरात म्हणून टीका होते. मी त्यांना आरोग्य खात्याच्या खर्चात धरीन. पंचाहत्तरीच्या आजी फुकट एसटीनं तालुक्याला जातात तेव्हा शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईशी दोन तास बोलतात, हे काही कुठल्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. दुर्दैव असं, की एसटीची पहिली पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी केलेलीच नाही, आणि पुष्कळ स्थानकांतली स्वच्छतागृहं आजींनी आत पाय टाकावा अशी नाहीत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा पुढे ढकलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. सगळे मिळून सुमारे ४५ टक्के रुग्णांचा प्रश्न त्यांत येतो. त्यातला सामाजिक एकटेपणाचा वाटा ५ टक्के धरला आहे. पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आग्रह असा की हा नुसता पाच टक्क्यांचा मामला नाही. माणसांत असलेला माणूस चालतो, त्याचं ऐकू येणं कमी झालं तर कुणीतरी टोकतं, तो उदास झाला तर कुणाच्या तरी लक्षात येतं, रक्तदाबाची गोळी बंद केली तर कुणीतरी ओरडतं. बाकीच्या धोक्यांतले बरेचसे या एका जागेवरून खाली वाहत येतात. मला हा युक्तिवाद पटतो. त्याला अजून पुराव्याची भर हवी, आणि ती आपल्या विद्यापीठांतल्या समाजशास्त्र विभागांनी घालायला काहीच हरकत नाही. यंत्रं लागत नाहीत, प्रश्नावली लागते आणि दारोदार फिरणारे विद्यार्थी लागतात.

शेवटी आयोजक मंडळाला दोन विनंत्या. या सभागृहात यायला दोन जिने चढावे लागतात आणि लिफ्ट नाही. ज्यांच्याबद्दल मी तासभर बोललो त्यांतले अनेक जण त्यामुळे आज इथे आलेले नाहीत. पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला कृपा करून तळमजल्यावरच्या शाळेच्या हॉलमध्ये भरवावी. आणि वक्त्याचा वेळ वीस मिनिटांनी कमी करून तो चहाला द्यावा, म्हणजे श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येईल.